मिशिगन, १९०१: ५५० विरुद्ध ० (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

शिकायला अ‍ॅन आर्बरला गेलेल्या मराठी मुलांच्या कानावर हा आकडा कधी ना कधी पडतोच: ५५०–०. तो आहे तिथल्या मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा: एका हंगामात अकरा सामने, अकरा विजय, आणि प्रतिस्पर्ध्यांचा एकही गुण नाही. आकडा खरा आहे. पण तो आजच्या नियमांच्या चष्म्यातून पाहिला की भलतेच अर्थ निघतात. खालचे बहुतेक प्रश्न त्यातूनच येतात.

हा कुठला फुटबॉल?

अमेरिकन कॉलेज फुटबॉल. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पेठांच्या तालमी खेळतात तो नव्हे. आणि आज टीव्हीवर दिसणारा अमेरिकन फुटबॉलही नव्हे, हे जास्त महत्त्वाचं. १९०१ चा खेळ रग्बीच्या कुशीतून नुकता बाहेर पडलेला होता. चेंडू आजच्यापेक्षा जाड आणि गोलसर, आतून रबरी ब्लॅडर, बाहेरून चामडं. तो पुढे फेकायला बंदी होती. हातात घेऊन धावायचं, नाहीतर लाथेने उडवायचा. मैदान ११० यार्ड लांब (साधारण १०० मीटर) आणि १६० फूट रुंद. गोलचे खांब थेट गोलरेषेवरच उभे. गोलरेषेच्या मागे आजच्यासारखी आखलेली दहा यार्डांची पट्टी नव्हती.

अकरा सामने कोणते, कुठे झाले?

२८ सप्टेंबर, अल्बियन: ५०–०
५ ऑक्टोबर, केस: ५७–०
१२ ऑक्टोबर, इंडियाना: ३३–०
१९ ऑक्टोबर, नॉर्थवेस्टर्न: २९–०
२६ ऑक्टोबर, बफेलो: १२८–०
२ नोव्हेंबर, कार्लाइल (डेट्रॉइटमध्ये): २२–०
९ नोव्हेंबर, ओहायो स्टेट (कोलंबसला): २१–०
१६ नोव्हेंबर, शिकागो: २२–०
२३ नोव्हेंबर, बेलॉइट: ८९–०
२८ नोव्हेंबर, आयोवा (शिकागोत, थँक्सगिव्हिंगला): ५०–०
१ जानेवारी १९०२, स्टॅनफर्ड (पॅसाडीना, कॅलिफोर्निया): ४९–०

जागा लिहिलेली नाही ते सगळे अ‍ॅन आर्बरला, रीजंट्स फील्डवर. लाखभर माणसं मावणारं आजचं मिशिगन स्टेडियम १९२७ चं आहे. त्याचा या संघाशी काही संबंध नाही.

गुण कसे मोजत?

टचडाउनला (चेंडू गोलरेषेपलीकडे नेऊन टेकवला की) ५, त्यानंतरची किक खांबांमधून बसली तर १, फील्ड गोललाही (चालू खेळात लाथेने खांबांमधून मारलेला) ५, आणि सेफ्टीला (आपल्याच गोलरेषेमागे अडवलं गेलं की समोरच्याला मिळतात ते) २. म्हणजे लाथेने मारलेला गोल आणि धावून केलेलं टचडाउन एकाच मोलाचे. फील्ड गोल १९०४ मध्ये ४ वर आला आणि १९०९ मध्ये ३ वर. टचडाउनचे ६ गुण १९१२ पासून.

आजच्या हिशेबात बसवून पाहायचं तर पॅसाडीनाचा सामना घ्या. आठ टचडाउन (४०), चार किक (४), एक फील्ड गोल (५): ४९. तेच आज ४८ + ४ + ३, म्हणजे ५५ होतात. फरक फार नाही, पण जुना आणि नवा गुणफलक शेजारी ठेवून तुलना करायची असेल तर आधी हे करून घ्यावं. फक्त अंतिम आकडा हाताशी असेल तर हे रूपांतर करता येत नाही. टचडाउन किती आणि किक किती, हे वेगळं लागतं.

टचडाउननंतरची किक आज जवळजवळ फुकटची असते. तेव्हा इतक्या का चुकत?

कारण ती समोरून मारायला मिळेलच याची खात्री नव्हती. चेंडू गोलरेषेपलीकडे जिथे टेकवला, त्याच्या सरळ रेषेत मैदानात मागे यायचं आणि तिथूनच मारायची. रग्बीत आजही असंच आहे. कोपऱ्यात टचडाउन झालं की कोन इतका तिरपा की खांब एकमेकांत मिसळल्यासारखे दिसत.

यावर एक पळवाट होती, आणि ती त्या काळच्या खेळातली मजेदार गोष्ट आहे: पंट-आउट. टचडाउन करणाऱ्या संघाचा एक जण गोलरेषेमागे चेंडू घेऊन उभा राहतो. त्याचे साथीदार मैदानात, खांबांसमोर पसरून थांबतात. प्रतिस्पर्धी गोलरेषेवर, झेप घ्यायच्या तयारीत. मागचा माणूस चेंडू हलकेच उडवून साथीदारांकडे मारतो. त्यांच्यापैकी कुणी तो स्वच्छ झेलला, तर झेलल्या जागेवरून, म्हणजे जवळजवळ समोरून, किक मारायची. झेल सुटला की संधी संपली. एका गुणासाठी दोन लाथा आणि एक झेल, तिन्ही बिनचूक. वारा असला की हे गणित हमखास फसायचं. एखाद्या संघाच्या नावावर टचडाउन भरपूर आणि किक कमी दिसल्या तर किक मारणारा कच्चा होता असं लगेच समजू नये.

५५० गुण झालेच कसे?

तीन कारणं आहेत, आणि पहिलं सहसा कुणी सांगत नाही.

गुण झाल्यावर किक-ऑफ, म्हणजे खेळ पुन्हा सुरू करणारी लाथ, कोण मारणार, हा प्रश्न. आज गुण करणारा संघ किक मारून चेंडू समोरच्याला देतो. १९०१ मध्ये उलट होतं: ज्याच्यावर गुण झाले त्यानेच किक मारायची. म्हणजे टचडाउन करा, चेंडू पुन्हा तुमच्याकडेच येतो. पुन्हा टचडाउन करा, पुन्हा तुमच्याकडे. दुबळ्या संघाला अर्धा अर्धा तास चेंडू नीट हातात धरायलाही मिळत नसे. एकदा घसरण सुरू झाली की ती थांबवायला नियमात काहीच नव्हतं.

इथे एक गोष्ट लक्षात येते: समोरचा ० सुद्धा थोडाफार याच नियमाने घडवलेला आहे. चेंडूच मिळत नसेल तर गुण करणार कधी? म्हणून ५५० वर भुलू नये आणि शून्यावरही डोळे झाकून नाही.

दुसरं कारण वेग. त्याबद्दल पुढे.

तिसरं, प्रतिस्पर्ध्यांची निवड. अल्बियन, केस, बेलॉइट ही लहान कॉलेजं. हंगामाच्या सुरुवातीला असे सामने घेऊन संघ तयार करायचा, ही तेव्हाची सर्रास पद्धत होती, एकट्या मिशिगनची नव्हे. बेलॉइटचा सामना मात्र नोव्हेंबरच्या अखेरीस होता, आणि त्या ८९ गुणांनी एकूण बेरीज बरीच फुगली.

मग खरी ताकद कुठल्या सामन्यांत दिसते?

नॉर्थवेस्टर्न २९, कार्लाइल २२, ओहायो स्टेट २१, शिकागो २२. या चार निकालांवरून संघ जोखावा. कार्लाइलचे प्रशिक्षक पॉप वॉर्नर आणि शिकागोचे अमोस अलोन्झो स्टॅग, दोघेही अमेरिकन फुटबॉलच्या इतिहासातली मोठी नावं. त्यांच्या संघांना एकही गुण करू न देणं हे बफेलोविरुद्धच्या १२८ पेक्षा वजनदार आहे.

या संघाचे प्रशिक्षक योस्ट कोण?

फील्डिंग योस्ट, वेस्ट व्हर्जिनियाचे, जन्म १८७१. मिशिगनचं हे त्यांचं पहिलंच वर्ष. त्याआधीची चार वर्षं चार ठिकाणी: १८९७ ओहायो वेस्लियन, १८९८ नेब्रास्का, १८९९ कॅन्सस, १९०० स्टॅनफर्ड. स्टॅनफर्डने प्रशिक्षक फक्त माजी विद्यार्थ्यांमधूनच नेमायचा असं ठरवलं आणि योस्टना जावं लागलं. मिशिगनच्या क्रीडा विभागाचे प्रमुख चार्ल्स बेअर्ड यांनी त्यांना बोलावून घेतलं. पुढे नववर्षाच्या दिवशी पॅसाडीनाला समोर उभा राहिला तो स्टॅनफर्डच.

विली हेस्टन योस्टसोबत आला हे खरं का?

हो. कॅलिफोर्नियात सॅन होजेच्या नॉर्मल स्कूलसाठी, म्हणजे शिक्षक घडवणाऱ्या कॉलेजसाठी, तो खेळत होता तेव्हा योस्टनी त्याला पाहिलं होतं. मिशिगनला त्याने कायद्याच्या अभ्यासाला प्रवेश घेतला. आडव्या अंगाचा, पहिल्या दोन पावलांतच पूर्ण वेग घेणारा हाफबॅक, म्हणजे रेषेमागून चेंडू घेऊन धावणारा.

संघात आणखी कोण?

पॅसाडीनाला उतरलेले अकरा असे (सेंटर, गार्ड, टॅकल आणि एंड पुढच्या रेषेत, बाकीचे चार मागे): सेंटर जॉर्ज ग्रेगरी, गार्ड डॅन मॅकगुगिन आणि एबिन विल्सन, टॅकल ह्यू व्हाइट (कर्णधार) आणि ब्रूस शॉर्ट्स, एंड कर्टिस रेडन आणि अल्बर्ट हर्नस्टाइन, क्वार्टरबॅक हॅरिसन वीक्स, ज्याला सगळे ‘बॉस’ म्हणत, हाफबॅक हेस्टन आणि एव्हरेट स्वीली, फुलबॅक नील स्नो. मॅकगुगिन पुढे व्हँडरबिल्टचे नामवंत प्रशिक्षक झाले आणि योस्टचे साडूही.

आक्रमणाचे अकरा वेगळे आणि बचावाचे अकरा वेगळे असं नव्हतं का?

नव्हतं. तेच अकरा दोन्ही बाजूंनी खेळत. बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नसे, त्यामुळे बदली म्हणजे कायमची बदली. लंगडणारा माणूस मैदानातच राहायचा तो याच हिशेबाने. पॅसाडीनाला मिशिगनने एकही राखीव खेळाडू वापरला नाही.

‘हरी अप’ म्हणजे नेमकं काय करत?

योस्टना ते टोपणनाव पडलं ते सरावातल्या सततच्या घाईवरून. मैदानावर त्याचा अर्थ अगदी ठोस होता.

एक चाल संपते. आठ-दहा माणसं एकमेकांवर पडलेली, चेंडू सगळ्यांत खाली. नेहमीचा संघ काय करतो? उठतो, धूळ झटकतो, रेषेवर येतो, मग क्वार्टरबॅक पुढच्या चालीचे आकडे पुकारतो. घोळका करून कानात सांगायची आजची पद्धत तेव्हा नव्हती. आकडे मोठ्यानेच पुकारायचे. मिशिगनचा वीक्स मात्र ढीग मोडायच्या आत आकडे पुकारू लागायचा. ढिगाखालचा खेळाडू उठतानाच त्याला ठाऊक असायचं की आता कुठे जायचं आहे. सेंटर चेंडूवर वाकला की चेंडू सुटलाच. समोरचे अजून आपापली जागा शोधत असायचे.

हे नक्कल करायला सोपं वाटतं, पण दोन ठिकाणी बिघडतं. आकडे तोंडपाठ नसतील तर एक जण चुकीच्या बाजूला धावतो आणि स्वतःच्याच माणसाला आडवा येतो. आणि दम नसेल तर उत्तरार्धात वेग तुमच्यावरच उलटतो, कारण बदली खेळाडू नाहीत. म्हणून योस्टच्या सरावात धावणं आणि पाठांतर दोन्हींचा रेटा असे. मैदानाबाहेरून खेळाडूंना सूचना द्यायला नियमाने बंदी होती. एकदा सामना सुरू झाला की सगळं क्वार्टरबॅकच्या डोक्यावर.

पुढे फेकायची बंदी, मग चाली तरी किती असणार?

बऱ्याच होत्या. तीन डाउनमध्ये, म्हणजे तीन चालींत, फक्त ५ यार्ड काढायचे, म्हणजे दर वेळी दीड-पावणेदोन यार्ड पुरत. त्यामुळे रेषेत सरळ घुसणं हा रोजचा भाकर-तुकडा. दोन संघांच्या रेषांमध्ये मोकळी पट्टी नव्हती, माणसं जवळजवळ नाकाला नाक लावून उभी. चेंडूवाल्याला साथीदारांनी मागून ढकलणं कायदेशीर होतं. टॅकललाही मागे आणून त्याच्या हातात चेंडू देत. शॉर्ट्स आणि व्हाइट दोघेही असे धावत.

क्वार्टरबॅकवर मात्र बंधन होतं: सेंटरकडून चेंडू घेणारा पहिला माणूस स्वतः तो घेऊन रेषेपार धावू शकत नसे. त्याने कुणाला तरी द्यायलाच हवा. त्यातून हुलकावणी आली. सगळी रेषा एका बाजूला लोटते, चेंडू तिकडे गेल्यासारखा दाखवायचा, आणि हेस्टन एकटाच उलट दिशेला. अशी हूल सरळ घुसण्याचा धाक असेल तरच चालते. आधी चार वेळा मधून यार्ड काढून दाखवले नाहीत तर कुणी फसत नाही.

शिवाय पंट. चेंडू आपल्या गोलजवळ अडकला की तिसऱ्या डाउनची वाट न बघता पहिल्या-दुसऱ्या डाउनलाच लाथेने लांब उडवून द्यायचा. आज हे भित्रेपणाचं वाटेल. तेव्हा तोच शहाणपणा होता, कारण समोरच्यालाही पळतच यावं लागणार. मिशिगनकडे त्या कामाला स्वीली होता.

बफेलोविरुद्ध १२८ कसे? तो संघ इतका वाईट होता?

वाईट नव्हता. त्याच हंगामात बफेलोने कोलंबियाला हरवलं होतं, म्हणून तर हा निकाल सगळ्यांना हादरवून गेला. किक-ऑफचा नियम आणि वेग एकत्र आले की काय होतं याचं हे सर्वांत टोकाचं उदाहरण. अंदाज यावा म्हणून: २१ टचडाउन आणि त्या सगळ्यांच्या सगळ्या किक बसल्या तरी बेरीज १२६ च होते.

पॅसाडीनाचा सामना म्हणजे पहिला रोज बोल का?

हो, नववर्षाला पॅसाडीनात होणाऱ्या त्या प्रसिद्ध कॉलेज सामन्यांतला हा पहिला, पण तेव्हा ते नाव नव्हतं. पॅसाडीनात १८९० पासून नववर्षाला फुलांच्या रथांची मिरवणूक निघत असे. त्या उत्सवाला गर्दी वाढावी म्हणून पूर्वेचा एक आणि पश्चिमेचा एक संघ बोलावून सामना ठरवला. जागा टूर्नामेंट पार्क, प्रेक्षक सुमारे ८०००. रोज बोल हे स्टेडियम आणि सामन्याचं नाव दोन्ही १९२० च्या दशकातले.

मिशिगनचा संघ हिवाळ्यातून रेल्वेने देश ओलांडून कॅलिफोर्नियाच्या उन्हात उतरला. पूर्वार्धाचा पहिला बराच भाग कोंडी होती. मध्यंतराला १७–०. नंतर स्टॅनफर्डचे पाय गळाले. स्नोने पाच टचडाउन केले, रेडनने दोन, हर्नस्टाइनने एक. स्वीलीचा फील्ड गोल, शॉर्ट्सच्या चार किक. गंमत म्हणजे हेस्टनच्या नावावर एकही टचडाउन नाही, आणि तरीही बचाव विस्कटला तो त्याच्याच धावांनी. ८ मिनिटं शिल्लक असताना स्टॅनफर्डचा कर्णधार राल्फ फिशर याने सामना थांबवायची विनंती केली आणि तो तिथेच संपला.

पुढच्या वर्षी काय झालं?

आयोजकांनी फुटबॉलच सोडला. इतका एकतर्फी सामना पुन्हा बघायला कोण येणार? १९०३ ला पोलो, मग १९०४ ते १९१५ रोमन थाटाच्या घोडारथांच्या शर्यती. फुटबॉल परतला तो १९१६ ला.

‘मिनिटाला एक गुण’ हे खरंच होतं का?

टोपणनाव आहे, मोजमाप नाही, आणि ते १९०१ ते १९०५ च्या मिशिगनच्या सगळ्याच संघांना मिळून लागलं. नियमाप्रमाणे ३५ मिनिटांचे दोन भाग, पण कर्णधारांच्या संमतीने ते लहान करता येत आणि सोप्या सामन्यांत सर्रास केले जात. पॅसाडीनाला ६२ मिनिटांत ४९, म्हणजे तिथे नाव खोटं ठरतं. बफेलोविरुद्ध मात्र ते खरं.

अंगावर काय घालत?

जाड कापडाच्या, आत कापूस-लोकरीचं अस्तर असलेल्या पँट, लोकरी जर्सी किंवा कॅनव्हासचं बिनबाह्यांचं जाकीट, नडगीला पट्ट्या, चामडी खिळ्यांचे बूट. नाकाला रबरी आवरण, हवं असेल तर. डोक्यावर चामडी टोपडं घालणारे थोडेच. बरेच जण हंगामाआधी केस वाढवत, तेवढंच डोक्याला संरक्षण. जुन्या फोटोंतले ते झिपरे फॅशनचे नाहीत.

धोका किती होता?

मोठा. याच १९०१ च्या हंगामात, मिशिगनशी सामना व्हायच्या पंधरवडाभर आधी, ओहायो स्टेटचा सेंटर जॉन सिग्रिस्ट वेस्टर्न रिझर्व्हविरुद्ध खेळताना जखमी होऊन दोन दिवसांनी गेला. एकाच जागी वीस माणसं कोसळायची, ढकलाढकल कायदेशीर, आणि बदली नाही म्हणून जखमी माणूस आतच. १९०५ मध्ये खेळातल्या क्रूरपणावर इतकी टीका झाली की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी कॉलेजांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावलं. १९०६ पासून पुढे फेकायला परवानगी, पहिल्या डाउनसाठी ५ ऐवजी १० यार्ड, आणि दोन रेषांमध्ये मोकळी पट्टी. या तीन बदलांनी योस्टचा १९०१ चा खेळ जवळजवळ मोडीत निघाला.

ते राष्ट्रीय विजेते होते का?

तेव्हा तशी स्पर्धाच नव्हती. विजेतेपदं नंतर वेगवेगळ्या संस्थांनी मागे वळून बहाल केली. हेल्म्स या अशाच एका संस्थेच्या यादीत १९०१ मिशिगनकडे आहे. पण त्याच वर्षी हार्वर्डही १२–० होता, आणि दोघांची गाठ पडली नाही. वेस्टर्न कॉन्फरन्सचं (आजचं बिग टेन) विजेतेपदसुद्धा विस्कॉन्सिनबरोबर वाटून घेतलेलं. तोही संघ अजिंक्य होता, आणि त्याच्याशीही सामना झाला नाही. ‘निर्विवाद’ हा शब्द इथे वापरू नये.

जुन्या वर्तमानपत्रांत माहिती शोधताना काय चुकतं?

पहिली चूक वर्षाची. स्टॅनफर्डचा सामना १९०२ चा, पण मोजला जातो १९०१ च्या हंगामात. १९०२ च्या यादीत घातला की दोन्ही वर्षांच्या बेरजा बिघडतात.

दुसरी यार्डांची. अधिकृत आकडेवारी ठेवणारं कुणी नव्हतं. प्रत्येक बातमीदार आपापल्या अंदाजाने लिहायचा, त्यामुळे एकच धाव एका पत्रात ३० यार्ड तर दुसऱ्यात ४५. टचडाउन कुणी केलं यावरही घोळ असतात, कारण चेंडू ढिगाखाली. गुणांची बेरीज करून पाहावी. ५, १, २ मध्ये ती बसत नसेल तर बातमीत चूक आहे.

तिसरी जागेची. आयोवाचा सामना शिकागोत आणि कार्लाइलचा डेट्रॉइटमध्ये झाला. फक्त विद्यापीठाच्या गावची पत्रं चाळली तर ही वर्णनं त्रोटक सापडतात.

न हरण्याची ही मालिका कधी तुटली?

३० नोव्हेंबर १९०५, शिकागोत, स्टॅगच्या संघाविरुद्ध. तोवर मिशिगन सलग ५६ सामने हरलं नव्हतं. मध्ये फक्त एक बरोबरी, १९०३ ला मिनेसोटाशी ६–६. शिकागोने जिंकला तो सामना २–० असा. मिशिगनच्या खेळाडूने आपल्याच गोलरेषेमागे पंट झेलला, तिथेच टेकवायचं सोडून तो घेऊन बाहेर धावला, आणि त्याला पुन्हा रेषेमागे लोटलं गेलं. सेफ्टी, २ गुण.